एक नाव, तीन वेण्या

मे महिना सरत आला की घाटमाथ्यावरची हवा जड होते. वळवाच्या एकदोन सरी पडून गेलेल्या असतात, करवंदे संपत आलेली असतात आणि मृगाला आठ-दहा दिवस उरलेले असतात. अशा वेळी आंबोलीच्या किंवा राधानगरीच्या रस्त्यावर एखाद्या जुन्या आंब्याखाली गाडी थांबते आणि आतला कोणी जाणता वर बोट करून म्हणतो, "ती बघा, सीतेची वेणी!" बेचक्यातून हातभर लांबीचा गुलाबी-पांढरा घोस लोंबत असतो, वाऱ्याने मंद झुलत असतो. फोटो निघतात, गाडी पुढे जाते. फूल ओळखले, असे प्रत्येकाला वाटत असते.

ते खरोखर ओळखले गेले का, याचे उत्तर मात्र त्या घोसातल्या एका फुलाच्या ओठात असते, आणि तिथवर सहसा कोणी बघत नाही.

सीतेची वेणी हे नाव सह्याद्रीत एकाच झाडाचे नाही. कुठे ते ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसाला लावतात, कुठे एरिडिस मॅक्युलोसाला, तर कुठे एरिडिस क्रिस्पाला. तिन्ही आमरी, म्हणजे ऑर्किड. तिन्ही झाडांच्या फांद्यांवर राहतात, तिन्ही मे-जूनच्या सुमाराला फुलतात आणि तिन्हींची मंजरी खाली लोंबते. नाव देणाऱ्याचे यात काही चुकलेले नाही. गजऱ्यासारखी गुंफलेली, पाठीवर सोडलेल्या वेणीसारखी लोंबणारी फुले पाहून हे नाव सुचावे, हेच स्वाभाविक आहे. पण जंगलातली नोंद करायची, कोणती जात कुठे टिकून आहे हे पुढे कोणाला तरी कळावे अशी इच्छा असेल, तर या तीन वेण्या एकमेकींपासून सोडवाव्या लागतात. ते काम वाटते तितके अवघड नाही. एक जुनी दुर्बीण आणि थोडा धीर पुरतो.

सुरुवात फुलापासून करू नये, मुळांपासून करावी. गावोगाव आमरीला सर्रास बांडगूळ म्हटले जाते आणि त्या एका शब्दापायी कितीतरी आमरी कोयत्याखाली गेल्या आहेत. बांडगूळ झाडाच्या आत शिरते. त्याची मुळे फांदीच्या लाकडात घुसून तिथले पाणी ओढून घेतात, आणि जिथे ते जडते तिथे फांदीला गाठ येते. आमरीचे मूळ सालीवर नुसते चिकटून असते. जाड, दोरीसारखे, चंदेरी-पांढरे मूळ सालीच्या भेगांमधून पसरत जाते, आणि काही मुळे तर हवेतच मोकळी लोंबतात. या मुळावर मृत पेशींचे एक स्पंजासारखे आवरण असते. पावसाचे, दवाचे, धुक्याचे पाणी ते पटकन शोषून घेते. कोरड्या मुळावर चार थेंब पाणी टाकून पाहावे: पांढरा रंग डोळ्यांदेखत विरघळल्यासारखा होतो आणि आतला हिरवा वर येतो. ते मूळ हिरवे असते, कारण उजेड मिळाला की तेही पानांसारखे अन्न तयार करते. आंब्याच्या अंगावर राहणारी ही वनस्पती आंब्याचे काहीच घेत नाही. तिला हवी असते उंचावरची जागा, उजेड आणि वारा.

आमरी आहे हे ठरले की दुसरी गोष्ट पाहायची ती वाढीची तऱ्हा. सह्याद्रीतल्या झाडांवरच्या आमरींचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. डेंड्रोबियमसारख्यांना दरवर्षी बुडाशी नवा कोंब फुटतो आणि जुन्या कांड्या शेजारी तशाच राहतात. डेंड्रोबियम बार्बॅट्युलम ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर, कांड्यांवर एकही पान नसताना पांढऱ्या फुलांनी भरून जाते. त्यामुळे कांड्यांचा जुडगा दिसला की सीतेच्या वेणीचा विचार तिथेच सोडून द्यावा. आपल्या तिन्ही वेण्या दुसऱ्या प्रकारातल्या. त्यांचा एकच दांडा टोकाकडे वाढत राहतो आणि पाने त्याच्या दोन बाजूंना आळीपाळीने, पंख्याच्या काड्यांसारखी रचलेली असतात. मंजरी पानाच्या बगलेतून निघते.

आता फूल. ते तोडायचे नाही, आणि तोडावे लागतही नाही. वळवाच्या वाऱ्यात घोसातली चारदोन फुले रोजच गळतात. सकाळी झाडाखालचा पाचोळा नीट पाहिला तर तळहातावर ठेवण्याजोगे एखादे सापडतेच.

त्या फुलाकडे सावकाश पाहावे. आकार बहुधा अंगठ्याच्या नखाएवढा. बाहेरची तीन संदले आणि आतल्या दोन पाकळ्या जवळपास सारख्या दिसतात, पांढऱ्यावर बहुधा गुलाबी-जांभळे ठिपके. आतली तिसरी पाकळी मात्र या पाचांपेक्षा अगदी वेगळी, गडद रंगाची आणि निराळ्या घडणीची. तिला ओठ म्हणतात. हा ओठ म्हणजे येणाऱ्या किड्याला उतरायला केलेला ओटाच. ओठाच्या वर, फुलाच्या मधोमध, एक छोटासा जाडसर खांब असतो. इतर फुलांत पुंकेसर आणि स्त्रीकेसर वेगवेगळे दिसतात, आमरीत ते दोन्ही एकत्र येऊन हा स्तंभ बनतो. तीन संदले, तीनपैकी एक पाकळी ओठ झालेली आणि मध्ये स्तंभ: एवढे जमले की फूल आमरीचे, मग ते हिमालयातले असो की माथेरानचे.

स्तंभाच्या टोकाला गवताची काडी किंवा पेन्सिलीचे टोक हळूच लावून पाहावे. टोपी उचलल्यासारखे काहीतरी निघते आणि काडीला दोन बारीक पिवळे गोळे चिकटून येतात. हे परागपुंज. आमरीचे परागकण पिठासारखे उधळत नाहीत, गोळ्यांत बांधलेले असतात आणि चिकट बुडामुळे किड्याच्या अंगाला डकवले जातात. चार्ल्स डार्विनने इंग्लंडमधल्या एका जमिनीवरच्या आमरीवर पेन्सिलीचाच हा प्रयोग केला होता. तिच्या बाबतीत पेन्सिलीला चिकटलेले परागपुंज सुमारे अर्ध्या मिनिटात पुढे झुकतात, म्हणजे पुढच्या फुलात नेमके योग्य जागी टेकतील असे, हे त्याने टिपले. आमरींच्या परागीभवनावरचे त्याचे पुस्तक 1862 साली आले. कोकणातल्या आंब्याखाली, पडलेल्या फुलावर, तोच प्रयोग कोणालाही करता येतो.

आता निर्णयाची खूण. फूल बोटांत धरून समोरून न पाहता बाजूने पाहायचे.

बहुतेकांचे इथेच चुकते, कारण फोटो नेहमी समोरून काढला जातो. बाजूने पाहिले की ओठाच्या बुडाशी एक पोकळ पिशवी किंवा शिंगासारखी नळी दिसते, तिला शुंडिका म्हणतात. ऱ्हिंकोस्टायलिसमध्ये ही शुंडिका दोन्ही बाजूंनी दाबून चपटी केलेल्या पिशवीसारखी असते आणि तिचा रोख मागे, देठाकडे असतो. तिच्या तोंडाशी ओठाचे पाते निघते ते सरळ, अरुंद, जिभेसारखे. त्याला बाजूच्या पाळ्या नसतात. एरिडिसची शुंडिका उलट दिशेने जाते. ती शिंगासारखी पुढे वळलेली असते, ओठाच्या खालून वर पाहणारी, आणि ओठाला मधल्या रुंद पात्याच्या बुडाशी दोन छोट्या पाळ्या असतात. मागे वळलेली चपटी पिशवी की पुढे वळलेले शिंग, या एका प्रश्नाने तीनपैकी एक वेणी बाजूला होते. दुर्बिणीतूनही, उजेड बरा असेल तर, हे दिसते.

राहिल्या एरिडिसच्या दोघी. त्यांच्यातला फरक ओठाच्या कडेवर आहे. मॅक्युलोसाचा ओठ रुंद, गडद गुलाबी-जांभळा आणि कडेला जवळपास साधा, फार तर किंचित लहरी. तिच्या संदलांवर आणि पाकळ्यांवर ठिपके असतात, लॅटिनमधल्या तिच्या नावाचा अर्थच ठिपकेवाली. क्रिस्पाचे फूल तिघींत सर्वांत मोठे, तीन-चार सेंटीमीटरपर्यंत जाणारे, पांढरे, गुलाबी झाक असलेले आणि ठिपके नसलेले. तिच्या ओठाची कड चुण्या पडलेल्या झालरीसारखी कातरलेली असते आणि खोडावर, कधी पानांवरही, जांभळट-तपकिरी छटा उमटते. मंजरीची घडणही मदतीला येते. ऱ्हिंकोस्टायलिसची मंजरी एकसंध, गोल आणि इतकी दाट असते की मधला दांडा फुलांमागे पार लपतो. एका मंजरीत शंभराहून अधिक फुले सहज भरतात. एरिडिसची मंजरी त्यामानाने विरळ, दांडा दाखवणारी, आणि तिला पुष्कळदा फाटे फुटतात. वेणीला फाटा फुटलेला दिसला तर एरिडिसकडेच झुकावे.

या साऱ्यात रंगाला शेवटची जागा दिली आहे, ती जाणूनबुजून. ठिपके ऱ्हिंकोस्टायलिसलाही असतात आणि मॅक्युलोसालाही. शिवाय ऱ्हिंकोस्टायलिसचे ठिपक्यांविना, पूर्ण पांढऱ्या फुलांचे झाडही निसर्गात आढळते. रंगावर विसंबणारा तिथे हमखास वेगळी जात ठरवून मोकळा होईल. वनस्पतिशास्त्रज्ञांनी रंगावर भिस्त ठेवली नाही याला आणखी एक साधे कारण आहे. कागदावर दाबून वाळवलेल्या नमुन्याचा रंग उडून जातो. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातल्या ब्लॅटर हर्बेरियमसारख्या संग्रहात दशकानुदशके जपलेली आमरीची फुले आज तपकिरी कागदासारखी दिसतात. ती पाण्यात भिजवून उलगडली की ओठाचा आकार आणि शुंडिकेचा रोख मात्र जसाच्या तसा हाती लागतो. याच महाविद्यालयात शिकवणारे आणि पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे संचालक झालेले फादर सांतापाव यांनी कपाडिया यांच्यासोबत मुंबई इलाख्यातल्या आमरींवर लिहिलेला ग्रंथ 1966 साली निघाला. खंडाळ्यासारख्या घाटात वर्षानुवर्षे केलेल्या भटकंतीचा तो पाया आजही कामी येतो.

शास्त्रीय नावांमागचा इतिहासही या फुलासारखाच आपल्या किनाऱ्याला धरून आहे. लिनिअसने 1753 साली ऱ्हिंकोस्टायलिसला एपिडेंड्रम रेटुसम असे नाव दिले. झाडावर वाढणाऱ्या बहुतेक आमरी त्याने याच एका प्रजातीत टाकल्या होत्या. एपिडेंड्रम म्हणजे झाडावरचे. युरोपात बसून त्याला हे फूल कळले ते एका पुस्तकातून: कोचीनचा डच गव्हर्नर व्हान ऱ्हीड याने करवून घेतलेला 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ, 1678 ते 1693 या काळात ॲमस्टरडॅममध्ये छापलेला. त्यात ही आमरी आंजिली या फणसाच्या जातभाईच्या नावाने, म्हणजे आंजिलीवरची आमरी अशा अर्थाच्या मल्याळी नावाने येते. या ग्रंथासाठी रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोचीनमध्ये राहणाऱ्या तीन कोंकणी वैद्यांनी मदत केली होती, आणि त्यांचे देवनागरीतले कोंकणी प्रशस्तिपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे. गोव्यातून दक्षिणेला गेलेल्या समाजातल्या या वैद्यांना झाडपाला नावानिशी ठाऊक होता. जॉन लिंडली या इंग्रज अभ्यासकाने 1833 साली क्रिस्पाला आणि 1845 साली मॅक्युलोसाला नाव दिले. एरिडिस या प्रजातीनामात हवेचे मूल असा अर्थ आहे, आणि मोकळी मुळे हवेत सोडून बसलेल्या या झाडाला तो अगदी शोभतो.

फुले नसताना काय करायचे? वर्षातले दहा महिने तर हीच स्थिती असते. तेव्हा पानाचे टोक पाहावे. रेटुसा या शब्दाचा अर्थच टोकाला खाच असलेली. ऱ्हिंकोस्टायलिसचे पान लांब, जाड, पन्हळीसारखे मधोमध दुमडलेले आणि कमानीसारखे खाली वाकलेले असते. त्याच्या अंगावर फिकट उभ्या रेघा दिसतात आणि टोक कोणी चावा घेतल्यासारखे असमान कापलेले असते. मॅक्युलोसाचे पान त्यामानाने आखूड, सपाट आणि टोकाशी दोन गोलसर असमान भागांत संपणारे. इथे अकॅम्पे प्रिमोर्सा फसवते. तीही आंब्यावर, ऐनावर भरपूर आढळते, तिचीही पाने जाड आणि टोकाला खाचेची. पण तिची पाने आखूड, ताठ आणि अतिशय मांसल असतात, आणि तिची लालसर पट्ट्यांची छोटी पिवळी फुले दाट झुबक्यांत येतात, लोंबत नाहीत. लुइसियाची पाने पेन्सिलीसारखी गोल, त्यामुळे तिचा संशयही येत नाही. वांडा टेसेलाटाची पाने अरुंद असतात, आणि तिच्या फुलावरची चौकड्यांची नक्षी एकदा पाहिली की विसरता येत नाही. केवळ पानांवरून एरिडिसच्या दोघींत निवाडा करणे मात्र टाळावे. वहीत "एरिडिस, जात फुलाच्या वेळी पाहावी" असे लिहून पुढे जावे. अशी नोंद खोट्या खात्रीपेक्षा कितीतरी मोलाची असते.

झाड कोणते आहे तेही लिहावे. आमरीला खडबडीत, भेगाळलेली, ओल धरणारी साल लागते. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी खपल्यांची, तिच्यावर आमरी आनंदाने नांदतात. जुने आंबे, जांभळी, उंबर, फणस हीही त्यांची घरे. याउलट नाणा, म्हणजे आपल्या राज्यफुलाच्या, तामणाच्या प्रजातीतलाच घाटातला गुळगुळीत पांढरट खोडाचा वृक्ष, आपली साल पापुद्र्यांनी सोलून टाकत राहतो. तिथे मुळे धरून राहणे अवघड. म्हणून रस्ता रुंद करताना कापलेल्या ऐंशी-शंभर वर्षांच्या आंब्याच्या जागी दहा रोपे लावली, तरी त्या आंब्याच्या अंगावरचे गाव परत येत नाही. रोपांना भेगाळलेली साल यायलाच कित्येक वर्षे जातात.

आणि आमरीचे एक झाड फुलण्याइतके मोठे होणे ही तर त्याहून मोठी गोष्ट. आमरीचे बी धुळीसारखे असते. एका बोंडात ते हजारोंनी, कधी लाखांनी भरलेले असते आणि वाऱ्यावर सहज उडते, पण त्यात रोपाला पुरेल असे अन्नच साठवलेले नसते. ठरावीक बुरशी बियात शिरली आणि तिने अन्न पुरवले तरच ते रुजते. नोएल बर्नार या फ्रेंच तरुणाच्या हे 1899 साली लक्षात आले. त्याआधी युरोपातल्या बागकामवाल्यांना ढिगाने बी पेरूनही रोपे का येत नाहीत हे कोडे होते. त्या लाखभर बियांतले एखादेच योग्य सालीच्या योग्य भेगेत, योग्य बुरशीशेजारी पडते. पहिली मंजरी यायला त्यानंतरही वर्षे जातात.

घाटातून मुळासकट उपटून शहरातल्या बाल्कनीत टांगलेली आमरी बहुधा का मरते, याचे उत्तर यातच आहे. ओढून काढताना मुळे तुटतात, शहरातली हवा कोरडी पडते आणि तिला तिचे धुके मिळत नाही. कायद्याच्या बाजूनेही जंगलातून परवानगीशिवाय आमरी उचलता येत नाही, आणि जवळपास सगळे आमरी कुळच आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. आसामात हीच ऱ्हिंकोस्टायलिस कपौ फूल म्हणून ओळखली जाते, राज्यफूल आहे आणि बिहूच्या नाचात मुलींच्या अंबाड्यात माळली जाते. पूर्वेकडच्या त्या टोकाला आणि इथे सह्याद्रीत, दोन्हीकडे लोकांना हे फूल पाहून केसच आठवावेत, यात मोठी गोडी आहे.

भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने 2019 साली देशातल्या आमरींची संख्या साडेबाराशेच्या आसपास नोंदवली आहे. जगातला आकडा सुमारे अठ्ठावीस हजार मानला जातो. महाराष्ट्रात शंभराहून अधिक जाती आहेत, आणि त्यातल्या कितीतरी जाती अगदी लहान, गवतात किंवा शेवाळात हरवून जाणाऱ्या. सीतेची वेणी ही त्यांतली डोळ्यांत भरणारी, म्हणून शिकायला उत्तम. तिच्यावर ओठ आणि शुंडिका पाहण्याची सवय लागली की पावसाळ्यात सड्यावर, जमिनीला चिकटून बसलेल्या एकदोन पानांमधून उगवणारी पांढरी हॅबेनारियाही तीच नजर ओळखू लागते.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पावसाने जोर धरला की मंजऱ्या झडू लागतात. त्याआधीच्या एखाद्या सकाळी झाडाखाली उभे राहून वहीत पाच गोष्टी लिहाव्यात: ठिकाण आणि तारीख, झाड कोणते, मंजरीला फाटे आहेत का, ओठाची कड कशी, शुंडिका मागे की पुढे. फोटो तीन काढावेत, एक सबंध झाडाचा, एक पानाच्या टोकाचा आणि एक फुलाचा बाजूने. नेमकी जागा मात्र सगळ्यांना कळेल अशी जाहीर करू नये. पाचोळ्यात पडलेले फूल पाहून झाले की ते परत त्याच आंब्याच्या बुंध्याशी ठेवावे. वर मंजरीवर उरलेल्या फुलांपैकी एखाद्याच्या मागचा देठ जाड, हिरवा आणि कंगोरेदार होऊ लागला असेल, तर कोणता तरी किडा परागपुंज घेऊन आधीच तिथे येऊन गेला आहे. ते बोंड हिवाळाभर तिथेच राहील आणि पुढच्या पावसाळ्याआधी उकलून आपली धूळ वाऱ्यावर सोडेल.